संग्रहालयातलं शिलाई मशीन

राष्ट्रीय संग्रहालयाच्या एका इमारतीतून दुसरीत नेणाऱ्या बसमध्ये एक म्हातारं जोडपं चालकाच्या अगदी पाठीमागे येऊन बसलं. चालकाने रेडिओ बारीक केला.

"पहिलीत म्हणाले दुसरीत बघा, दुसरीत म्हणाले तिसरीत. पायांचे तुकडे पडले माझ्या."

"आता बसलात ना? मग गप बसा."

"अगं, राजाचं सिंहासन बघायचं सोडून तुझं शिलाई मशीन काय शोधत फिरतोय आपण?"

"सिंहासनावर बसून त्याने काय दिवे लावले? माझ्या मशीनवर तीन पोरांची शिक्षणं झाली."

"मग देऊन कशाला टाकलंस यांना?"

"अडगळ आहे, असं कोण म्हणालं होतं?"

"...म्हणालो असेन. पिशवीत काय आहे गं? केव्हापासून खुळखुळतंय."

"तेलाची बाटली. यांनी मेल्यांनी थेंबभर तरी घातलं असेल का?"

"अगं बाई, पुढे दोरी बांधलेली असते! रखवालदार हात लावू देणार नाही."

"त्याला तुम्ही बोलण्यात गुंतवा. रोज माझं डोकं खाता, आज त्याचं खा."

"आणि बोलू काय?"

"सिंहासनापासून सुरू करा. तोवर माझं होईल."