पटावरची तीन मुलं

तुम्हांला सांगते, लग्नानंतर सासरच्या गावातल्या पहिल्याच सभेत माझी वरात निघाली.

सभा शाळेतच होती. पटावर तीनच मुलं उरलेली, म्हणून शाळा बंद करायची का, हे विचारायला शिक्षण खात्याचे साहेब आले होते. सरपंच तावातावानं म्हणाले, "जिल्हा परिषदेला जमत न्हाई, तर राज्य सरकारनं शाळा ताब्यात घ्यावी!"

"घेतली तरी वर्गात बसवायचं कुणाला?" साहेबांनी विचारलं.

गावची बाकीची पोरं रोज व्हॅननं वेल्ह्याच्या इंग्लिश शाळेत जातात. तेवढ्यात चुलत सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "ही हाय की आमची नवी सून! लावा हिच्या पोराचं नाव!"

अख्खी सभा हसली. साहेबही म्हणाले, "मग सहा-सात वर्षं थांबावं लागेल."

"तवर माझ्या श्रावणीनं कुठं शिकायचं?" मागून एक बाई बोलली. तिची मुलगी त्या तिघांतली. "व्हॅन आमच्या वाडीवर येत न्हाई."

हसणं थांबलं. साहेबांनी वही मिटली.

घरी येताना मी यांना म्हटलं, "त्या श्रावणीचं वाईट वाटतं."

"व्हय, लई वाईट," हे म्हणाले. "आपलं पोर मात्र पहिल्यापासनं व्हॅननंच धाडू."

मी 'हो' म्हणाले.