पाय जमिनीला लागेपर्यंत

(मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी बंद पडलेली दगडखाण. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. कातळासमोर सतरंजीवर मधुकर आणि त्याची बायको जयंती.)

जयंती: मग आता चढायचं ना?

मधुकर: चढायचं. पण कातळ अजून ओला आहे, बघ. दव आहे. जरा ऊन येऊ दे.

जयंती: मघाशी म्हणालात, बूट आवळायचेत.

मधुकर: तेही आहेच.

जयंती: माझी घाई नाही हो. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाने उपाशी राहायचं नाही. म्हणून तर आले. घरी साडेतीनपर्यंत वाट बघत बसण्यापेक्षा इथेच बसते. तुम्ही वर जाऊन खाली आलात, पाय जमिनीला लागले, की लगेच डबा उघडेन. डॉक्टरांचंही राहिलं आणि माझा नेमही राहिला.

मधुकर: पाणी तरी पी.

जयंती: प्यायले. पाण्याला माझी कधी ना नव्हती.

मधुकर: यंदा थंडी आलीच नाही बघ. पूर्वी जानेवारीत इथे बोटं बधिर व्हायची. कातळ धरला की बर्फाची लादी. आणि अर्ध्यावर जाऊन मागे वळलं की पार खाडी दिसायची, मिठागरं दिसायची. आता नुसता धुरळा. जिकडेतिकडे खोदून ठेवलंय. सूर्य बघ कसा दिसतोय.

जयंती: घासायचं राहिलेल्या ताम्हणासारखा.

मधुकर: अगदी.

जयंती: पिशवीतून दोर काढून ठेवू का?

मधुकर: राहू दे. मी काढतो.

जयंती: मीच वेटोळं घालून ठेवलाय. परवा धुतला. हल्ली तुमचा दोर मळतच नाही. पूर्वी टबात घातला की पाणी लाल व्हायचं, दोनदोनदा बदलायला लागायचं. आता दोन-तीन वर्षं झाली, पाणी जसंच्या तसं. मी म्हटलं, हात बसला आता यांचा.

मधुकर: ते वरचं वाचता येतंय का तुला? पांढऱ्या रंगातलं?

जयंती: चष्मा घरी राहिला.

मधुकर: ‘आपला हक्काचा माणूस’. निवडणूक आली की कातळावर रंग फासतात. ऑइलपेंट आहे, धुऊन जात नाही. आणि नेमका जिथे उजवा हात जातो ना, तिथे ‘हक्काचा’. रंगावर बोट टिकत नाही.

जयंती: तुम्ही पूर्वी खरवडून काढायचात ते.

मधुकर: पूर्वी काढायचो. पन्नाशीपर्यंत काढत होतो. मग कळलं, आपण एक खरवडतो तोवर दुसरा शिडी घेऊन तयार. आणि माणूस तोच असतो, पक्ष तेवढा बदललेला असतो. चढायला शिकवताना आम्ही पोरांना पहिली गोष्ट काय सांगायचो? एका वेळी एकच काय ते सोडायचं. एक हात सोडलास तर दुसरा हात आणि दोन्ही पाय घट्ट. ही माणसं चारही एकदम सोडतात, पलीकडच्या भिंतीवर उडी मारतात, आणि पडत नाहीत. मला त्याचंच नवल वाटतं.

जयंती: पडत असतील. आपल्याला दिसत नसेल.

मधुकर: दशरथाला सांगू नकोस हे. त्याची पार्टी फुटल्यापासून तो हळवा झालाय.

जयंती: ते आलेच बघा भावोजी. आता तुमचा दोर धरायला माणूसही आला.

दशरथ: काय रे मधू, आज वैनीक घेऊन इलंस? माका फोन तरी करायचा. केस विंचरून आलो असतो.

जयंती: केस कुठे राहिलेत भावोजी?

दशरथ: तां पण खरा. बसा, बसा. उठू नका. डब्यात काय?

जयंती: तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. पण ते उतरल्यावर. आज मी स्वतः बघणार, कसे चढतात ते. बेचाळीस वर्षांत एकदाही बघितलं नाही. जीवच झाला नाही कधी.

दशरथ: चढणार? मधू?

मधुकर: दव आहे ना दशरथ आज. कातळावर.

दशरथ: हां. दव… दव आहे खरा. पण वैनी, तुमी काय काळजी करू नका. हा काय चढतो, काय सांगू. गेल्या रविवारी तर त्या वरच्या उंबरापर्यंत गेला. पोरं तोंडात बोट घालून बघत होती.

जयंती: गेल्या रविवारी? किती वाजता हो?

दशरथ: असतील दोन वाजले.

जयंती: दोन. म्हणजे तेव्हाच.

दशरथ: काय तेव्हाच?

जयंती: मी ओट्यापाशी पडले तेव्हा. कुकरचं झाकण हातात होतं, ते वाजलं म्हणून शेजारची रेवती धावत आली. तिने माझ्या तोंडात साखर घातली. म्हणाली, काकू, औषध समजा, घास समजू नका. पोर गुणी आहे.

दशरथ: मधू, तू माका बोलला नाहीस.

जयंती: काय बोलायचं त्यात? मला तर बरंच वाटलं. त्याच वेळी हे त्या उंबरापाशी असणार, आता तुम्हीच सांगितलंत. हात सुटायचा असेल यांचा, तो सुटला नाही. यांच्यावरचं माझ्यावर आलं आणि साखरेवर भागलं. संध्याकाळी देवापुढे जास्तीची वात लावली मी.

दशरथ: वैनी, तसा नसता काय…

मधुकर: दशरथ, गप्प बस.

दशरथ: मी काय बोललो?

मधुकर: गेल्या रविवारी दोन वाजता आम्ही त्या झाडाखाली बसलो होतो. शेंगदाणे खात. वॉर्डात कोण येणार यावर भांडत होतो.

जयंती: उतरल्यावर ना?

मधुकर: नाही.

जयंती: मग चढायच्या आधी.

मधुकर: जयू, मी चढलोच नाही. गेल्या रविवारी नाही, त्याच्या आधीच्या नाही. तीन वर्षं झाली.

जयंती: तीन वर्षं.

मधुकर: हा खांदा गेला. मध्येच लटकलो एकदा. वर जाता येईना, खाली येता येईना. दशरथने आणि दोघा-तिघांनी मिळून खाली सोडलं मला, विहिरीत घागर सोडतात तसं. कुणी काही बोललं नाही. पाठीवरसुद्धा कुणी थापटलं नाही. पुढच्या रविवारी आलो, आणि कुणी विचारलं नाही की दोर बांधतोस का. मीही बोललो नाही. बसलो. बसायचीच सवय लागली.

जयंती: आणि दोर?

मधुकर: घेऊन यायचो, परत न्यायचो.

जयंती: मी धुवायचे.

मधुकर: हो.

दशरथ: वैनी, माझी पण चूक. मी म्हणायचो तेका, घरात सांग. पण हा म्हणायचा, पुढच्या रविवारी सांगतो.

जयंती: तुम्ही थांबा जरा भावोजी. अहो, मी दर रविवारी उपाशी असते ते माहीत होतं ना तुम्हाला?

मधुकर: माहीत होतं.

जयंती: लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी आमटी-भात घेऊन बसले होते आणि खालच्या दुकानातून निरोप आला, तुमच्या चढाईच्या क्लबचा कुणीतरी पडला म्हणून. कोण ते त्या माणसाला सांगता येईना. घास हातात तसाच. संध्याकाळी सहाला तुम्ही आलात, दुसऱ्या कुणाचा हात मोडला होता. तेव्हा देवाला बोलले मी. यांचे पाय जमिनीला लागेपर्यंत घास घेणार नाही. तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात.

मधुकर: हसलो होतो.

जयंती: आणि ही तीन वर्षं तुमचे पाय जमिनीवरच होते.

दशरथ: ह्या कातळावरून जी वाट जाते ना वैनी, ती ह्याने काढली. शहाऐंशी साली. आमी तिका नाव काय ठेवला ठाऊक आहे? ‘वैनीचा उपास’. दुपार कलली की सगळे खालून ओरडायचो, मधू, उतर रे, घरात वैनी उपाशी असा.

जयंती: म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?

दशरथ: सगळ्यांका.

जयंती: आणि एकालाही वाटलं नाही, घरी यावं, वहिनी तुम्ही खा म्हणावं?

दशरथ: …नाय. तां काय सुचला नाय कोणाक.

जयंती: का नाही सांगितलंत हो? मी काय रागावले असते? उलट सुटले असते.

मधुकर: रागवण्याचं नव्हतं. तू सकाळी देवापुढे माझं नाव घेऊन बसायचीस. मी परतल्यावर दार उघडताना आधी माझ्या पायांकडे बघायचीस, मग तोंडाकडे. क्लबातली नवी पोरं मला काका म्हणतात, पिशव्या सांभाळायला देतात. ऑफिसात होतो तेव्हा निदान तिथे सांगायचो, मी चढतो. आता सांगायचं कुणाला? तू तेवढी मला चढणारा समजत होतीस. तू जेवलीस की ते संपलं असतं.

जयंती: म्हणजे तुम्ही चढतच होतात. माझ्या भुकेवर.

दशरथ: मी चहा घेऊन येतो नाक्यावरून.

जयंती: बसा भावोजी. काही होत नाही. मी चिडले नाही, थकले फक्त.

मधुकर: जयू, डबा उघड. आता कसला नेम आणि कसलं काय.

जयंती: नेम असा मनात आलं म्हणून टाकता येत नाही हो. सोळा सोमवार असू दे, नाही तर हा माझा. उद्यापन करावं लागतं. नाही तर तो मागे राहतो.

मधुकर: मग करू की. गुरुजींना बोलावू, काय लागेल ते…

जयंती: गुरुजींना काय सांगणार? पोथीतला नाही हा. बोल साधा होता. तुम्ही वर चढायचं आणि पाय जमिनीला लागायचे. तेवढंच.

मधुकर: अगं, खांदा…

जयंती: उंबरापर्यंत कुठे म्हणते मी? दोन हात वर जा. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढता तेवढं. आणि उतरा. मी बघते. मग सुटलं सगळं, तुमचंही आणि माझंही.

मधुकर: ती पोरं बघतायत तिकडून.

जयंती: मी तीन वर्षं उपाशी राहिले, तुम्हाला पोरांनी बघितलं तर चालत नाही?

दशरथ: ऊठ मधू. दोर लावू काय?

मधुकर: एवढ्यासाठी? नको. खाली उभा राहा नुसता. हात वर धरून.

दशरथ: उभा आहे. उजवो पाय त्या खाचेत घाल, आपल्या नेहमीच्या.

मधुकर: मला सांगतोस? मी केलेली खाच ती.

जयंती: सावकाश हो. घाई नाही.

मधुकर: डावा हात… हां. कंगोरा मिळाला. अजून आहे तिथेच. मला वाटलं होतं, झिजला असेल.

दशरथ: दगडाक कसली झीज? आता डावा पाय.

मधुकर: खांदा ओढतोय.

दशरथ: उजव्या हातावर भार देऊ नको. बस, चढलास.

जयंती: बसल्या जागी तुमचे पाय माझ्या खांद्याला आलेत. म्हणजे झालं की तेवढं.

मधुकर: झालं.

जयंती: काय दिसतं हो तिथून?

मधुकर: दशरथाचं टक्कल. आणि तू.

जयंती: अजून?

मधुकर: धुरळा. आणि त्या ‘हक्काचा’पर्यंत हात पोचतोय माझा इथून. रंग नखाने सुटतोय थोडा.

जयंती: राहू दे तो. उतरा आता.

मधुकर: जयू.

जयंती: काय?

मधुकर: थोडं थांबू इथे? उतरलो की परत नाही चढणार मी. कळतंय मला.

जयंती: थांबा. मी इतकी वर्षं थांबले, अजून पाच मिनिटं थांबते.

दशरथ: वैनी, तुमका गरगरता काय?

जयंती: नाही. तुम्ही त्यांच्याकडे बघा.

मधुकर: उतरतो. दशरथ, बाजूला हो. एक पाय… हा दुसरा.

जयंती: दोन्ही लागले?

मधुकर: दोन्ही.

जयंती: नीट लागले ना? बूट काढा बघू. अनवाणी.

मधुकर: हे घे. अनवाणी.

दशरथ: चला, झाला एकदाचा. आण मधू तो डबा इकडे, मी उघडतो. झाकण घट्ट दिसता.

मधुकर: मीच उघडतो, मला सवय आहे त्याची. दोन पुऱ्या वाढ गं मला, दमलो.

जयंती: थांबा जरा. आज आधी मी खाते.