पुरावा म्हणून ठेवलेली कोंबडी

विषय : मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांना दुकानाच्या जाळीत उभं राहायलाही जागा नसणे.
संदर्भ : अर्जदाराने स्वतः पाहिले. दुसरा संदर्भ नाही.

...आणि पशुसंवर्धन खात्याचे लोक पाहणीला आले कुठं? माझ्याच घरी! तक्रार मी केली, चौकशीही माझीच! अहो, शिरवण्याला रज्जाकचं दुकान आहे, तिकडे जा ना! पण नाही. कोंबडीला खातं आहे, तुम्हाला सांगतो, आणि खातं म्हटलं की पत्ता बघून येणार!

आता पत्ता चुकला कसा ते ऐका. बायको गेली, शुभदा, तरी रविवारची चिकनची पिशवी घेऊन मी रज्जाककडे जातोच. सवय. रज्जाक म्हणतो, "काका, पाव किलो? पाव किलोला पिशवी पन लाजते!" लाजू दे. तर त्या दिवशी जाळीत बघतो, बॉयलर कोंबड्या एकीवर एक, शेअर रिक्षात बसवतात तशा, आणि सगळ्यांत खालची एक पाय मुडपून, मान वर करून माझ्याकडे बघतेय. म्हणजे... बघतेय! माझ्याकडे हल्ली कोण बघतं हो?

"कापू?" रज्जाक म्हणाला.

"नको, तशीच दे."

"तशीच? तिच्या पायांत दम नाय काका. घरी नेऊन काय तिला पेपर वाचून दाखवनार?"

दाखवतो. रोज दाखवतो. अग्रलेख आला की डोळे मिटते, बाकी सगळं ऐकते.

मग मी रीतसर अर्ज केला. आणि जन्म कारकुनीत गेलेला, त्यामुळे पुरावा जोडल्याशिवाय हात थांबतो होय? लिहिलं, 'पुरावा : एक जिवंत कोंबडी, अर्जदाराच्या राहत्या घरी, जुईनगर.' झालं! वरच्यांनी वाचलं काय? कोंबडी कुठं आहे? जुईनगरला. मग पाहणी कुठं? जुईनगरला!

शर्मिला मॅडम आल्या. जनावरांच्या डॉक्टर, मुलीच्या वयाच्या, हातात टेप. गॅलरी मोजली. "प्रशस्त आहे काका." मी म्हटलं, तिघांसाठी घेतली होती. लेक नाशिकला, बायको फोटोत. त्यांनी पुढचा रकाना घेतला.

"खाद्य?"

"कणी. भिजवून."

"हवा?"

"खाडीवरून येते, वासासकट."

"सोबत?"

मी म्हटलं, "सोबत म्हणजे?"

"दुसऱ्या कोंबड्या. हा कळपातला पक्षी आहे, काका. एकटा राहिला की खाणं कमी करतो, कोपऱ्यात बसून राहतो. बरं नाही ते त्याला."

"मी आहे की!"

"तुम्ही माणूस आहात."

घ्या! पेन्शनीसाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला देतो, पण माणूस असल्याचं एवढं ठासून प्रथमच कुणी सांगितलं, आणि तेही माझ्याविरुद्ध!

मग माझीही जीभ सुटली. म्हटलं, मॅडम, याच जागेत, याच हवेत आणखी एक प्राणी एकटा आहे. खाणं कमी झालंय, कोपऱ्यात बसतो. त्याची पाहणी करता का? त्यांनी टेप गुंडाळली. हळूच म्हणाल्या, "काका, ते आमच्याकडे येत नाही." बघा! कोंबडीला खातं आहे, तुम्हाला सांगतो, आणि त्या खात्याबाहेर मी आहे! चहा करतो म्हटलं तर थांबल्या मात्र. दुसरा कप काढला, धुवावा लागला, धूळ बसलेली.

चहा संपवून शेरा लिहिला. एक तर सोबत द्या, नाहीतर पक्षी मूळ ठिकाणी परत पाठवा. मूळ ठिकाण म्हणजे? रज्जाकचं दुकान! म्हणजे तिला एकटं वाटू नये म्हणून कापायला पाठवायची!

बरं, दुसरी कोंबडी आणावी, तर सोसायटीचे सेक्रेटरी अश्विन दारात हजर. "काका, एक कोंबडी म्हणजे पुरावा, मी कमिटीला समजावलं. दोन म्हणजे पोल्ट्री! टेन्शन नका देऊ." बोला आता! रज्जाक तेवढा भला. "काका, परत नका आनू. माझ्या हातून आता नाय व्हायचं. तिनं पेपर ऐकलाय."

मग काय करणार? कागद ओढला. 'महोदय, उपरोक्त कोंबडीबाबत सोबत या रकान्यात अर्जदारास ग्राह्य धरण्यात यावे. अर्जदार दिवसभर घरी असतो. इतरत्र त्याची आवश्यकता नाही.' पोच घेतली, शिक्क्यासकट. निर्णय होईपर्यंत पुरावा हलवता येत नाही, एवढं मलाही कळतं. खिडकीवरचा माणूस हसला, "काका, असा अर्ज पहिल्यांदाच आला." म्हटलं, असू दे. कोंबडीला खातं आहे, तुम्हाला सांगतो, तर माझाही कागद जाऊ दे तिच्या मागून.

कोंबडी गॅलरीत आहे. शेजारी खुर्ची टाकून मी आहे. अर्ज प्रलंबित आहे.