दिन्याची मोटार अन माही वरात

अबे, दिन्याच्या मोटारीचं सांगतलं का तुमाले? आर्वीच्या मालगुजाराच्या गोठ्यात वर्सानुवर्सं पडेल मोटार, कोंबड्या आत अंडे देत. माह्या दोस्तानं, दिन्यानं, तिले इकत घेऊन चालू केलं! झालं, अख्ख्या वर्ध्याच्या वराती तिच्यातच. मी सायकलवरून पाहू पाहू जळून राह्यलो. रोज म्हनो, देवा, एकडाव तरी बंद पाड.

देवानं आयकलं, पन माह्याच वरातीत. नवरीच्या गावाच्या वेशीवर मोटार बंद! मले आतून गुदगुल्या.

दिन्या म्हने, "हासून काऊन राह्यला बे? उतर, धकव. इस्टेरिंगवर त मलेच बसा लागते."

बाशिंग सीटवर ठेवलं अन लागलो धकवाले. मांडवापुढं नवरीची आत्या आरती घेऊन आली. पयले मोटारीले कुंकू लावलं, मंग दिन्याले. अन तो कपाळ पुढं करून गुमान बसेल!

मी मागून वरडलो, "आत्याबाई, नवरदेव मी होय!"

आत्यानं माहे काळे हात पाह्यले अन दिन्याले इचारलं, "हे खरं होय जी?"

"होय ना. नवरदेव तो. मोटार माही."

"अस्सं?" आत्यानं आरती तिथंच धरली. "मंग तुमचं लगन झालं का जी?"