चारच बोटं

...आणि वर तोंड करून म्हणतो काय, तर ‘भाऊजी, चारच बोटं!’ अहो, कसली बोटं? कुणाची बोटं? तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, गळ्यात टेप घालूनच म्हातारा झालो, गिऱ्हाइकाचं पोट किती सुटलंय ते लांबूनच बघून सांगतो, आणि फसलो कुणाच्या मापाला, तर मेहुण्याच्या! बायकोचा हा धाकटा भाऊ जन्मात एकदाच विमानात बसलाय, पण तेव्हापासून आमच्या घरातला हवाई मंत्री तोच!

झालं काय, लेकीचं पहिलं बाळंतपण. ती तिकडे, पार जगाच्या दुसऱ्या टोकाला. बायको म्हणाली, ‘अहो, महिनाभर आधी जाऊ या, पोरीजवळ आपलं माणूस नको का?’ बरोबरच होतं तिचं! पण हा उठला, दुकानातल्या नकाशावर इथून तिथवर बोटं टेकवली... ‘ताई, महिना कशाला? चारच बोटं! नऊ तासांचं विमान. जेवायचं, डुलकी काढायची, उतरायचं. दोन दिवस आधी निघालात तरी रग्गड!’ आणि मीही नंदीबैलासारखी मान डोलावली, कारण दुकानात शिवायच्या कपड्यांचा ढीग पडला होता.

आता ते नऊ तास बघा हं! विमानतळच गावाबाहेर, तिथे पोचेपर्यंत कंबरडं मोडलं. मग रांग. त्यातून माझ्या पिशवीत कात्री! शिपाई दचकलाच... ‘काका, हे काय?’ म्हटलं, ‘बाबा रे, पोटापाण्याचं हत्यार!’ आता विमानतळावर हत्यार हा शब्द काढायचा नसतो, हे हवाई मंत्र्यांनी सांगायला नको? बसवलं की मला बाजूला!

आणि विमान? जायचं पूर्वेला, निघालं पश्चिमेला! मी हवाईसुंदरीला म्हटलं, ‘बाई, चुकलात!’ ती गोड हसून, ‘सर, आधी तिकडे उतरायचं, मग दुसरं विमान, मग तिसरं.’ म्हणजे बाहीचं माप घ्यायचं म्हणून आधी पायजम्याला टेप लावायची! नऊ तास खरे हो, पण ते थेट विमानाचे, आणि आमची तिकिटं काढली होती मेहुण्यानं! चारच बोटं म्हणे!

त्यात तिसऱ्या विमानाला धुकं आडवं आलं. बाकड्यावर बसलो. बायको भांडते तेव्हा मला घोर नसतो हो, पण ती नुसती पर्स घट्ट धरून फलकाकडे बघत बसली. पोर तिकडे एकटी, आणि आम्ही त्या चार बोटांच्या मधेच कुठेतरी लटकलेले!

शेवटी पोचलो. जावई दारातच उभा, डोळे लालभडक. मी पिशवी तिथेच टाकून धावलो... तर म्हणतो, ‘बाबा, मुलगी झाली! पहाटे. दोघी छान आहेत.’ बायको रडली, मग हसली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘बघा, नात नऊ महिन्यांच्या वाटेनं आली, तरी तुमच्या आधी पोचली!’

तेवढ्यात फोन. दुसरं कोण असणार? ‘काय भाऊजी, पोचलात ना आरामात? म्हटलं नव्हतं, चारच बोटं? आणि परतीची तिकिटंही मीच काढलीत, काळजी नको. येताना वारा मागून असतो... तीनच बोटं!’

मी ‘बरं’ म्हटलं. बायको शेजारीच उभी होती, दुसरं काय म्हणणार?