एका पोराची किती बारशी!

न्हाई न्हाई, मला घुगऱ्या देऊ नका! हात जोडतो, पर ती वाटी माझ्यासमोरून उचला! तुम्ही पाव्हणे, तुम्ही खा, तुमच्यासाठीच शिजवल्यात... पर मला घुगरीचा नुसता वास आला ना, तर उठून पळावं वाटतं. काहून? अहो, ज्या माणसानं सोताच्या पोराच्या बारशाच्या घुगऱ्या चार खेपेला खाल्ल्या त्याला इचारता काहून? एकाच पोराच्या बरं का! चार पोरं न्हाईत! तो पहा, टांग्याच्या चाकावर चढू राह्यलाय... उतर रं बाबा, घोडं उधळंल!... तोच तो. माझा थोरला. आज त्याच्या धाकट्या भावाचं बारसं, म्हणून तुम्ही आले. थोरल्याच्या बारशाला न्हवते ना तुम्ही? कोणत्याच न्हवते? मंग बसा. पाळणा बांधूस्तोर येळ हाय, तुम्हाला सांगतो.

तुम्हाला सांगतो, माझी जिंदगीत एकच इच्छा होती. आमचे बाबा, कडूबा टांगेवाले. परतूर ठेसनावर गाडी आली की शेठ असू दे, साहेब असू दे, "कडूबाचा टांगा कुठंय?" हेच पहिलं इचारणार! मरताना त्यांनी माझा हात धरला अन् म्हणले, "बद्री, नातू झाला तर माझं नाव चालू ठेव." बस. बापानं जमीन मागितली न्हाई, समाधी मागितली न्हाई, एक नाव मागितलं. मंग पोरगा झाला, अन् म्या घोड्याच्या कानात सुद्धा जाऊन सांगितलं, कडूबा आला! तर आमची दुर्गा बाजेवरून ताडकन् उठून बसली. "मामंजीचं नाव मी तोंडानं घेऊ? उद्या पोरगं चिखलात लोळलं तर काय वरडू? 'कडूबा, ये इकडं, ढुंगण धू' म्हणू? मामंजीला?"

आता हिला काय बोलावं! बाबा जिते होते तवा ही कारल्याला सुद्धा कडू म्हणत न्हवती हो, "आज कारलं गोड न्हाई झालं" म्हणायची! तिला पाह्यजे भानुदास. म्या म्हणलं, ठीक हाय, बारशाला आत्या पाळण्यात कानात सांगंल ते नाव! अन् आत्या म्हणजे माझीच बहीण, झुंबर. तिला म्या आधीच फोडली. कडूबाच सांग, लुगडं घेतो म्हणलं. हाय का न्हाई डोकं?

पर झालं काय, की दुर्गा अन् झुंबर दोघी बी जिनात कामाला. कापसाच्या जिनात हो, ठेसनाच्या पल्याड. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की भाईर. मधी लेकराला पाजायला सुट्टी मागितली की मनेजर म्हणायचा, (नाकात बोलायचा तो) "हे जिन हाय का म्हायेर?" अन् लेकरं कुठं ठेवायची? कापसाच्या ढिगावर! मंग ती रडू नयेत म्हणून बाया अफूची गोळी चाटवायच्या. मोहरीएवढी. लेकरू झोपलं की झोपलं.

म्या एकदा दुर्गाला भाकर द्यायला गेल्तो, बाळंतपणाच्या आधी. तर आत एकच कालवा. जिनातल्याच रहिमाबीची लेक, शहाजादी, सात-आठ म्हयन्यांची, गुंगीत ढिगावरून घरंगळली अन् वरून दुसऱ्या बाईनं कापसाचं गठुडं ओतलं! सगळ्या बाया हातानं कापूस उपसू राह्यल्या... निघाली एकदाची, निळी पडलेली, तोंडात रुई. गोजरबाईनं बोट घालून रुई काढली, पाठीत थापटलं, तवा रडली. त्या लेकराचं रडणं म्हणजे... जाऊ द्या. म्या टांगा हाकीत घरी आलो, वाटेत सवारी बी घेतली न्हाई. आपलं बी लेकरू त्याच ढिगावर जाणार, एवढंच डोक्यात. डोळ्यांतून पाणी काढलं म्या, खोटं काहून बोलू!

तर ही गोजरबाई. जिनातली सगळ्यात जुनी बाई, रंडकी, आवाज असा की भोंगा लाजंल. तिनं ठरवलं, जिनात लेकरांसाठी पाळणाघर पाह्यजे, सांभाळायला एक बाई पाह्यजे अन् पाजायला सुट्टी पाह्यजे, पगार न कापता. मागायचं तर सगळ्या बायांनी एकत्र बसाया पाह्यजे. अन् बसायचं कसं? नवाबाचं राज! इजाजतीबिगर सभा न्हाई, जलसा न्हाई, चार टाळकी जमली की पोलिस जमादार हजर, "ये काय का जलसा है?" पर गोजरबाईच्या डोक्यात काय आलं... आमच्याच घरी यायचं होतं ते! "सभेला इजाजत लागती, बारशाला कुठं लागती?"

अन् बारसं कुणाचं? माझ्या पोराचं!

मला काय ठावं! म्या आपला दारात उभा, बाया येऊ राह्यल्या, येऊ राह्यल्या, जिनातली एक बाई मागं ऱ्हायली न्हाई, या आळीची, त्या आळीची, गावकुसाभाईरची, रहिमाबी अन् तिच्या मोहल्ल्यातल्या, अन् माझी छाती हीऽऽ फुगली, म्हणलं काय माझ्या बापाचं नाव! आमची चुलती चतुराबाई पुटपुटली, "कुणाकुणाचे हात लागू राह्यलेत पाळण्याला!" तर गोजरबाई म्हणली, "काकू, रुई सगळ्यांच्या नाकात सारखीच जाती." चुलतीनं घुगऱ्यांची परात उचलली. मंग बापय लोकांना भाईर काढलं अन् दार लावलं. म्या कान लावून उभा, आता कुर्रर्र होईल, आता कडूबा म्हणतील... तर आतून गोजरबाई, "बायांनो! मनेजर काय म्हणतो, जिन हाय का म्हायेर!" म्या म्हणलं, हे कोणतं नाव?

पोराला पाळण्याच्या वरून-खालून देत्यात ना बाया, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या? तर पोरगं वरून अन् ठराव खालून! वाकून एक बाई दुसरीच्या कानात सांगती, दुसरी तिसरीच्या. पोरगं बिचारं इतकं फिरलं की दूध उलटलं. अन् तेवढ्यात रातपाळीचा भोंगा झाला. सगळ्या बाया पळाल्या. आत्या सुद्धा पळाली! पाळण्याजवळ म्या, दुर्गा अन् पोरगं, तिघंच. अन् नाव? ते ऱ्हायलंच!

मंग काय, गोजरबाईला बरंच झालं. "बद्री, नाव ऱ्हायलं म्हणतोस ना? मंग परत घाल बारसं." परत! खर्चा कुणाचा? अन् पोरगं कुणाचं? माझंच! या खेपेला जमादार ख्वाजामियाँ आला. गावातलाच माणूस, मिशा ह्याऽऽ एवढ्या, अन् माझ्या टांग्यात फुकट बसणारा. "क्या बद्रीनाथ, बारसा तो पिछले महिने हुआ था?" म्या म्हणलं, "हुआ था साब, लेकिन नाम रह गया." खोटं होतं का? बिलकुल न्हाई! तो बसला. घुगऱ्या खाल्ल्या. परत मागितल्या. घरी बेगमसाठी फडक्यात बांधून नेल्या. अन् आत बाया पाळणा गाऊ राह्यल्या, गोजरबाईनंच जोडलेला,

"भोंगा गं झाला, माय गेली जिना,
तान्ह्याला पाजाया सुट्टी कोणी देईना, जो जो गं जो जो..."

अन् जमादार डोळे मिटून मान डोलवू राह्यला! "वाह, क्या गाते हैं!" एवढंच न्हाई, खुशीत येऊन खिडकीतून हात घातला अन् पाळण्याची दोरी सोता ओढली! गाणं लांबलं, भोंगा झाला, बाया पळाल्या. नाव? ते ऱ्हायलंच!

तिसरं तर रहिमाबीच्या अंगणात. म्या म्हणलं, "गोजरमावशी, माझ्या पोराचं बारसं अन् तिच्या अंगणात कसं?" तर म्हणली, "तुझं अंगण पुरत न्हाई." तिथं बी ख्वाजामियाँ हजर, तिथं बी घुगऱ्या. ठेसनावर लोक मला इचारू लागले, "बद्री, गाडीला येळ हाय, बारसं-बिरसं हाय का कुठं?" झुंबरीची पाठ तेवढी वाचली होती. नाव सांगितलं की बाया आत्याच्या पाठीत धपाटे घालत्यात ना, ते नावच न्हाई तर धपाटे कुठले! पोरगं पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, पर हाक कशी मारायची? म्या कडूबा म्हणायचो, दुर्गा भानुदास म्हणायची, ते दोघांकडं बी पाहत न्हवतं. घोड्याला नाव, कुत्र्याला नाव, माझ्या पोराला न्हाई! सपनात बाबा यायचे. नुसते टांग्यात बसून ऱ्हायचे.

अन् मंग आलं चौथं, परत आमच्याच घरी. त्या दिशी बाया ठरवणार होत्या की सकाळी काय करायचं. मनेजरला कुणकुण लागली, त्यानं ठाण्याच्या मोठ्या साहेबाचे, अमीनसाबचे कान फुंकले, अन् ख्वाजामियाँ आला तो दोन जवान घेऊन. दार उघडलं लाथेनं. "अमीनसाब का हुकूम है! ये बारसा नहीं, जलसा है!" म्या बी त्यांच्या मागं आत घुसलो. बायांना धरून नेलं तर लेकरं कुणी पाहायची, अन् पाळणाघर तर गेलंच. ख्वाजामियाँ म्हणतो, "बारसा है तो बच्चे का नाम बताओ! जल्दी!"

आता पहा हं. म्या वरडलो, "कडूबा!" त्याच दमात दुर्गा वरडली, "भानुदास!" अन् झुंबर! तुम्हाला सांगतो, झुंबरीनं माझ्याकडून लुगडं घेतलं होतं अन् दुर्गाकडून चोळीचा खण, दोघांना बी शबूद दिलेला, ती बिचारी इमानदारीनं तिसरंच वरडली, "धर्मराज!"

भाईर आमचं घोडं तेवढं खिंकाळलं.

ख्वाजामियाँ हसला, मिशीतल्या मिशीत. "अच्छा! एक बच्चा, तीन नाम!" जवान पुढं सरकले. अन् गोजरबाई उठली, एकदम शांत, पदर सारखा केला अन् म्हणली, "बराबर हाय जमादारसाब. जलसाच होता. चला, अमीनसाबला जाऊन सांगू. मागला बी जलसा, त्याच्या मागला बी जलसा. त्या जलशात पहिल्या पंगतीला कोण होतं? पाळण्याची दोरी कुणी ओढली? जलशाच्या घुगऱ्या कुणाच्या घरी गेल्या? सगळं सांगू. आमाला खोटं बोलता येत न्हाई."

मिशा खाली आल्या हो! जवान एकमेकांकडं पाहू राह्यले. ख्वाजामियाँनं कपाळाचा घाम पुसला अन् बारीक आवाजात म्हणला, "लेकिन अमीनसाब पूछेंगे, नाम क्या रखा, तो मैं क्या बोलूँ? एक नाम तो दो, बाई!" अन् गोजरबाई काय म्हणावी? "तुम्हीच ठेवा, साब. तुमचाच मान."

माझं नाव! माझ्या बापाचं नाव! म्या तोंड उघडलं होतं, कडूबा म्हणायला, एक शबूद, बस. पर परत भांडण दिसलं असतं तर त्याला निमित्तच पाह्यजे होतं. अन् समोर रहिमाबी बसलेली, मांडीवर ती शहाजादी, माझ्याकडं टकामका पाहू राह्यलेली, तोंडात बोट घालून. म्या तोंड मिटलं. तुम्हाला सांगतो, एवढा मोठा घास म्या जिंदगीत गिळला न्हाई.

ख्वाजामियाँ पाळण्यावर वाकला. पोराच्या जावळात रुई अडकलेली, दुर्गाच्या पदराची. त्यानं दोन बोटांनी ती काढली, पाहिली अन् म्हणला, "कितना कचरा है इसके सर में... कचरू! नाम कचरू!" झालं! कुर्रर्र! सगळ्या बाया झुंबरीच्या पाठीवर तुटून पडल्या, चार बारशांचे धपाटे एका दमात! दुर्गा खुश, मामंजीचं नाव टळलं. अन् म्या? बापाला शबूद दिला म्या, अन् पोराचं नाव ठेवलं पोलिसानं!

दुसऱ्या दिशी बायांनी जिनाच्या फाटकाला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या, वळीनं. त्यात लेकरं. अन् कुणी अफू दिली न्हाई! सारी लेकरं एका सुरात जी सुरू झाली म्हणता... भाईर कापसाच्या गाड्या ठेसनापत्तोर उभ्या, बैल बिचकू राह्यले, आत कापूस टाकायला बाई न्हाई, जिनाचा शेठ कानात बोटं घालून फिरू राह्यला. दुपारपत्तोर मनेजर बोलला, नाकातूनच, "घ्या तुमचं म्हायेर!" तवापासून पत्र्याचं पाळणाघर हाय तिथं. पगार न कापता सुट्टी हाय. अन् पहिला पाळणा कुणी टांगला ठावं हाय का? म्या. दोरी दोनदा ओढून पाहिली, पक्की हाय का म्हणून. डोळे भरून आलते, रुई गेली असंल.

जाऊ द्या. झालं ते झालं. पर आज! आज धाकट्याचं बारसं, अन् आज कडूबा म्हणजे कडूबा! दुर्गाला कबूल केलंय, हाक मारायला तू "आबा" म्हण, मी कडूबा म्हणीन. झुंबरीला दोन लुगडी. गोजरबाईला तर म्या सांगितलंच न्हाई... आँ? ती कोण येऊ राह्यली? अन् तिच्या मागं?... अहो, एवढ्या बाया कुठून आल्या? ही तर रातपाळी, सगळी! रहिमाबी बी हाय... गोजरमावशी, मावशी, एकच सांगा, हे बारसं तरी... काय? बाळंतपणाचा पगार? दीड म्हयन्याचा, बसून? अहो मावशी, ते बराबर हाय तुमचं, दुर्गाचा बी बुडालाच हाय, पर माझ्या बापाचं... हळू बोलू? काहून हळू? कोण आलंय दारात?

...या, या जमादारसाब! बसा, सावलीला बसा. हां साब, बारसाच है. नाम? नामाची कुठं घाई हाय साब, आत्ता तर बाया बसल्या... ए कचरू, जमादारसाबला घुगऱ्या आण रं. अन् एक वाटी मला बी आण.