ढोके सर चुकले नव्हते

वहिनी, सरांचे विद्यार्थी, आणि मारेगावहून, नेरहून, दारव्ह्याहून आलेले सगळेजण,

मी बोलणार नव्हतो. समोर सरांचा हार घातलेला फोटो आहे. पण आत्ता आमच्या रविवारच्या वर्गातली मीनाक्षी जे बोलली, ते ऐकून मला उठावंच लागलं.

माझी ओळख देतो. कापूस बाजारासमोर माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं गणित जुनी पुस्तकं आणून माझं मी शिकलो. त्याचा मला अभिमान आहे. गर्व म्हणा. म्हणाच.

सरांचा रविवारचा वर्ग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसानं घरंच्या घरं खचवली, ती वर्षं. गणितात पीएच.डी.ला नाव घातलेली पोरं या कॉलेजात एक, त्या कॉलेजात दोन. त्यांना सुरुवातीचे विषय कोण शिकवणार? सर म्हणाले, पोरंही एकत्र करू, मास्तरही एकत्र करू. नेरच्या मॅडमनी बीजगणित घ्यायचं, दारव्ह्याच्या सरांनी विश्लेषण, आणि मारेगावहून पहिल्या बसनं येऊन स्वतः ढोके सरांनी टोपॉलॉजी. इथं यवतमाळात, एका शाळेच्या खोलीत. मी विचारलं, सर, मागं बसू का? म्हणाले, "मांगं कायले? समोर बसा."

वर्गात हरकतीची एक वही होती. कुणाला एखादी पायरी पटली नाही, तर त्यानं उभं राहून सांगायचं आणि वहीत लिहायचं. नियम असा, की ज्यानं हरकत घेतली, ती त्यानंच मिटवायची. पटलं, की "मागे घेतली" लिहून सही करायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सरांनीसुद्धा नाही.

मीनाक्षीनं आत्ता सांगितलं, सर किती मोठ्या मनाचे, एका काटेवाल्यानं भर वर्गात त्यांची चूक काढली तरी शांतपणे ऐकून घेतली. तो काटेवाला मी.

मीनाक्षी, बाई, सर चुकले नव्हते.

पुन्हा सांगतो. सर चुकले नव्हते. एका रविवारी जिनिंग मिलचा मोठा काटा अडला, मी वर्ग बुडवला. दुसऱ्याच्या टिपणांवरून उतरवून घेतलं, आणि उतरवताना व्याख्येतली एक अट गाळली. मी! पाच ग्रॅमचा फरक न सोडणारा मी. पुढच्या रविवारी उभा राहिलो. "सर, हे सिद्ध होत नाही." सर माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "लिवा वहीत." पोरं नवखी, माझा आवाज मोठा. सगळ्यांना वाटलं, सर अडकले.

बुधवारी मला माझी चूक सापडली. पुढचे तीन रविवार मी वर्गाला गेलोच नाही.

चौथ्या रविवारी वर्गाच्या आधी सरच दुकानात आले. स्टुलावर बसले.

"काहून येऊन नाही राह्यले?"

"काम हाये, सर."

"काम हाये, का अट सापडली?"

मी काट्याचं पारडं पुसायला घेतलं.

"मंग लिवून टाका ना वहीत."

"पोरं हसतील, सर."

"हसू द्या. मले तं रोजच हसतात." उठता उठता म्हणाले, "मी नाही सांगणार कोणाले. हरकत तुमची हाये."

आणि नाही सांगितलं. मी वर्गात परत गेलो, कितीतरी वर्षं बसलो, पण वहीतल्या त्या हरकतीखाली सही केली नाही. काटेवाल्यानं सरांची चूक काढली, ही गोष्ट पसरत गेली. मला ती ऐकायला आवडायची हो! सरांसमोर कुणी ती सांगितली, की सर माझ्याकडे बघायचे. वाट बघायचे.

मागच्या महिन्यात सरांना बघायला दवाखान्यात गेलो. आज बोलायचंच, असं ठरवून गेलतो. औषधांचं बोललो, बसच्या वेळांचं बोललो, परत आलो. कशाला गेलो मग?

वहिनी, माझी लाज राखायला सरांनी न केलेली चूक आयुष्यभर स्वतःच्या नावावर राहू दिली. वही मीनाक्षीकडे आहे, सही मी करीनच. पण ती सरांना दिसणार नाही. म्हणून इथं मोठ्यानं बोलतो.

सर, तुमची सिद्धता बरोबर होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माझी हरकत मी मागे घेतो.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आजवर मी माझ्यासाठी गप्प राहिलो. आताची दोन मिनिटं सरांसाठी.